डॉक्टरांच्या नावापुढे कंपनीचे डॉलर दिसले, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे न्यू जर्सीत राहतात. सत्तरी ओलांडलेले वडील पुण्याहून त्यांच्याकडे आले आहेत. वर्षभर कोरडा खोकला, जिना चढताना धाप, मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, आणि निदान आयपीएफ, म्हणजे फुप्फुसं हळूहळू घट्ट आणि ताठर होत जाण्याचा आजार. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी निन्टेडॅनिब सुरू करायला सांगितलं. रात्री मुलानं डॉक्टरांचं नाव, कंपन्या डॉक्टरांना काय देतात ते दाखवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या ‘ओपन पेमेंट्स’ संकेतस्थळावर टाकलं, तर तीन वर्षांचे मिळून नव्वद हजार डॉलरच्या आसपास निघाले, आणि त्यातला मोठा वाटा हेच औषध बनवणाऱ्या कंपनीचा. “डॉक्टर बदलावा का? हा माणूस खरंच यातला जाणकार आहे की कंपनीचा माणूस आहे, हे आम्ही कसं ओळखायचं? आणि बाबा पुढच्या वर्षी पुण्याला परत गेले की तिथे हे कुठे बघायचं?”

आधी माझ्याबद्दल. मी मुंबईत एमबीबीएस झालो, रेसिडेन्सी आणि फेलोशिप अमेरिकेत केली, आणि गेली बरीच वर्षं मिडवेस्टमधल्या एका शहरात फुप्फुसांचे आणि आयसीयूतले रुग्ण बघतो. त्या यादीत माझंही नाव आहे. बहुतेक नोंदी दुपारच्या जेवणाच्या, आणि काही एका औषधाच्या चाचणीच्या, कारण त्या चाचणीत आमचं हॉस्पिटल होतं. कंपन्यांसाठी मी भाषणं देत नाही. खाली भाषणांबद्दल जरा कडक लिहिलंय, ते हे लक्षात ठेवून वाचा.

नव्वद हजार या बेरजेवरून डॉक्टर बदलू नका. ती बेरीज जवळजवळ निरुपयोगी आहे. तिची फोड करायला वीस मिनिटं लागतात, आणि निर्णय त्या फोडीवर घ्यायचा.

ही माहिती मुळात बाहेर आली कशी, ते सांगतो. २००७ मध्ये चक ग्रासली आणि हर्ब कोल या दोन सिनेटरांनी, एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, कंपन्या डॉक्टरांना काय देतात ते जाहीर व्हावं म्हणून विधेयक आणलं. ते लगेच झालं नाही. २०१० च्या आरोग्य विमा कायद्यात, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, ते एक कलम म्हणून आलं. ऑगस्ट २०१३ पासून नोंदी गोळा होऊ लागल्या आणि ३० सप्टेंबर २०१४ ला पहिली यादी लोकांसमोर आली. आता दरवर्षी ३० जूनपर्यंत मागच्या वर्षाची माहिती येते. नोंद कंपनी करते, डॉक्टर नाही. डॉक्टरला प्रसिद्धीआधी ४५ दिवस मिळतात, चूक वाटली तर हरकत घेता येते. आमच्यातले पुष्कळ जण ते पान उघडूनही बघत नाहीत, त्यामुळे नावांची सरमिसळ कधीकधी तशीच राहते. शाह, पटेल, कुलकर्णी अशी नावं असतील तर शहर, शाखा आणि शक्य असेल तर एनपीआय, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरचा ओळख क्रमांक, जुळतोय ना, हे आधी बघा.

पानावर तीन रकाने दिसतील: सर्वसाधारण देयकं, संशोधनाची देयकं, आणि मालकी किंवा गुंतवणूक. पहिल्यांदा हे वेगळे करा. संशोधनाखाली दिसणारे पैसे बहुतेक वेळा डॉक्टरच्या खिशात जातच नाहीत. एखाद्या औषधाची चाचणी हॉस्पिटलमध्ये चालू असेल तर कोऑर्डिनेटरचा पगार, तपासण्या, कागदपत्रं यांचे पैसे कंपनी संस्थेला देते, आणि चाचणीचा प्रमुख म्हणून नोंदीत डॉक्टरचं नाव येतं. आयपीएफसारख्या आजारात चांगल्या केंद्रातल्या डॉक्टरच्या नावापुढे लाखांत आकडा दिसला तरी दचकू नका. असल्या दुर्मिळ आजारात चाचण्या करणारे डॉक्टर मूठभर असतात, आणि तुमच्या बाबांना बघणारा त्यांच्यातला असेल तर बरंच आहे. तरीही संशोधनाचा पैसा अगदी निर्लेप नसतो. ज्याच्या युनिटचे तीन पगार एका कंपनीच्या चाचण्यांवर चालतात, त्याला त्या कंपनीबद्दल आपलेपणा वाटतोच. पण तो आपलेपणा आणि भाषणाचं मानधन यांत मोठा फरक आहे.

सर्वसाधारण रकान्यात मात्र बारीक बघा. तिथे प्रत्येक नोंदीला कारण लिहिलेलं असतं: खाणंपिणं, प्रवास आणि मुक्काम, सल्ल्याची फी, मानधन, रॉयल्टी, आणि एक लांबलचक नावाचा प्रकार, ज्याचा अर्थ ‘सल्ल्याखेरीज इतर सेवा, उदाहरणार्थ कंपनीच्या कार्यक्रमात वक्ता’. बहुतेक नोंदींसमोर औषधाचं किंवा उपकरणाचं नावही असतं. ते नाव तुमच्या हातातल्या प्रिस्क्रिप्शनवर आहे का, हे बघायचं. माझ्या मते सगळ्या पानावरचा सर्वांत कामाचा मजकूर हाच. समजा, एखाद्याच्या नव्वद हजारांतले ऐंशी हजार झोपेत श्वास सुरळीत ठेवणाऱ्या यंत्राच्या कंपनीकडून असतील तर तुमच्या बाबांच्या गोळीशी त्यांचा संबंध नाही. आणि फक्त बारा हजार असतील, पण सगळे याच औषधावर भाषणं देण्याचे असतील, तर ते बारा हजार मला जास्त खटकतील.

जेवणाच्या नोंदी कशा होतात तेही सांगतो, कारण लोक त्यावरून हसतात तरी किंवा चिडतात तरी. कंपनीचा प्रतिनिधी, भारतात ज्याला एमआर म्हणतो तो, दुपारी सगळ्या ऑफिससाठी सँडविच किंवा मेक्सिकन जेवण घेऊन येतो. एकूण खर्चाला जेवणाऱ्यांच्या संख्येनं भागतात आणि प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याचा हिस्सा त्याच्या नावावर चढतो. जेवला नाही तर नोंद नाही. रिसेप्शनवरची मंडळी जेवतात, पण त्यांची नावं कुठेच येत नाहीत. सुरुवातीला १० डॉलरखालच्या गोष्टींना सूट होती, वर्षाची बेरीज १०० च्या वर गेली नाही तर. महागाईनुसार ती मर्यादा दरवर्षी थोडी वाढते. रुग्णांना वाटायला दिलेली औषधांची सॅम्पलं मोजलीच जात नाहीत. माझ्या कपाटात हजारो डॉलरचे इन्हेलर सॅम्पल म्हणून पडलेले असले तरी त्यांचा या पानावर मागमूस नसतो. सॅम्पलवर सुरू केलेला इन्हेलर पुढे वर्षानुवर्षं चालू राहतो, हे मात्र आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे.

सतरा डॉलरच्या जेवणानं काय होणार, असं कुणालाही वाटेल. २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या जेवणाच्या नोंदी त्यांच्या मेडिकेअरमधल्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यातल्या, प्रिस्क्रिप्शनांशी जोडून पाहिल्या होत्या. चार ब्रँडेड औषधं घेतली होती, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि नैराश्यावरची. त्या औषधाच्या नावानं एकदाच जेवलेले डॉक्टरही ते औषध इतरांपेक्षा जास्त लिहीत होते, आणि जेवणं वाढली तशी प्रिस्क्रिप्शनंही वाढत होती. जेवणाची सरासरी किंमत २० डॉलरच्याही खाली. यावरून जेवणामुळेच औषध लिहिलं असं सिद्ध होत नाही. जे आधीच लिहितात त्यांच्याकडेच प्रतिनिधी जास्त जातो, हेही खरं. पण खाल्ल्या मिठाला जागणं ही गोष्ट पदवी घेतल्यावर माणसातून निघून जात नाही, असं माझं मत आहे, आणि मी त्यात स्वतःला वगळत नाही.

आता भाषणं. कंपनीच्या ‘स्पीकर प्रोग्रॅम’मध्ये बहुतेक वेळा स्लाइड्स कंपनीच्या असतात, औषधाला ज्या वापरासाठी मंजुरी आहे त्याच्या बाहेर बोलायचं नसतं, आणि एका संध्याकाळचे हजार-दोन हजार डॉलर सहज मिळतात. ऐकायला शहरातले दहा-पंधरा डॉक्टर, चांगल्या रेस्टॉरंटची मागची खोली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयानं या प्रकाराविरुद्ध खास इशारा काढला. आधीच्या तीन वर्षांत असल्या कामासाठी जवळपास २ अब्ज डॉलर दिले गेले होते, असं त्यात नमूद होतं. तेच ते श्रोते तेच भाषण पुन्हा ऐकतात, औषधाबद्दल नवीन माहिती काहीच नसते, दारू वाहते, सोबत मित्रमंडळी आणि जोडीदार येतात, अशी लक्षणंही मांडली होती. त्याच वर्षी जुलैत नोव्हार्टिसनं अशाच कार्यक्रमांच्या प्रकरणात ६७८ दशलक्ष डॉलर देऊन तडजोड केली होती. पुढे २०२२ पासून कंपन्यांच्या संघटनेनं आपल्या आचारसंहितेत या कार्यक्रमांतली दारू बंद केली. बाकी सगळं थोड्या सभ्य रूपात चालू आहे.

माझा आक्षेप पैशाच्या आकड्याला नाही. एखादं औषध चांगलं आहे असं वर्षातून वीस वेळा उभं राहून सांगणारा माणूस त्यावर विश्वास ठेवू लागतो. तो खोटं बोलत नसतो, म्हणून तर ते ओळखू येत नाही. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं यावं असं वाटत असेल तर तो नकळत मिंधा होतो. सल्लागार मंडळाच्या फीबद्दल मी थोडा सौम्य आहे. नवीन उपकरण बनवताना ब्राँकोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं श्वासनलिकांची तपासणी, रोज करणाऱ्या माणसाचा सल्ला घ्यायलाच हवा, आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण मालकीच्या रकान्यात काही दिसलं आणि तेच उपकरण तुमच्यावर वापरायचा सल्ला मिळाला, तर दुसरं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आमच्या शाखेला याचा इतिहास आहे. २०१२ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं अमेरिकी सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यात अनेक औषधं होती, आणि दिवाणी भागात अॅडव्हेअर हा इन्हेलरही होता. सौम्य दम्याच्या रुग्णांनाही, जिथे त्याला मंजुरी नव्हती, तो पहिला उपाय म्हणून खपवला जातोय, असा सरकारचा आरोप होता. पुढच्याच वर्षी कंपनीनं जाहीर केलं की आमच्या औषधांवर बोलण्यासाठी डॉक्टरांना पैसे देणं आम्ही थांबवणार. आम्हांला वाटलं, आता बाकीच्यांनाही तसंच करावं लागेल. कुणी केलं नाही. २०१८ मध्ये त्याच कंपनीनं ते धोरण बऱ्याच अंशी मागे घेतलं.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंनी कापतं. २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेतृत्वाखालचा मोठा अभ्यास आला: धूम्रपान करणाऱ्यांचा सीटी स्कॅन करत राहिलं तर फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडतो आणि रुग्ण वाचतात. २००८ मध्ये उघड झालं की या संशोधनाला पैसे देणाऱ्या एका प्रतिष्ठानामागे लिगेट या सिगारेट कंपनीची पालक कंपनी होती, आणि तिनं ३६ लाख डॉलर दिले होते. वाचकांना ते सांगितलेलं नव्हतं. केवढा गदारोळ झाला! पुष्कळांनी तो सगळा विचारच बाद ठरवला. मग २०११ मध्ये सरकारी पैशानं केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीचा निकाल आला: जास्त जोखमीच्या लोकांत सीटीनं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी झाले. आज तो स्कॅन आम्ही नेमानं लिहून देतो. पहिल्या अभ्यासाचे दावे त्याच्या आखणीला पेलण्यापेक्षा मोठे होते, आणि पैशाचा स्रोत लपवणं चूकच होतं. पण पैसा संशयास्पद होता म्हणून स्कॅन निरुपयोगी ठरला नाही. पैसा दिसला की प्रश्न विचारायचे, उत्तर आधीच ठरवून टाकायचं नाही.

तेच तुमच्या बाबांच्या औषधाला लावून बघू. आयपीएफवर अमेरिकेत दोन औषधांना एकाच दिवशी, १५ ऑक्टोबर २०१४ ला, मंजुरी मिळाली: पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब. दोन्हींच्या मोठ्या चाचण्या ती बनवणाऱ्या कंपन्यांनीच केल्या होत्या, दुसरं कुणी करणारही नव्हतं. निन्टेडॅनिबच्या दोन चाचण्यांत गोळी न घेणाऱ्यांची फुप्फुसांची क्षमता वर्षाला २०० ते २४० मिलिलिटरनं घटली, घेणाऱ्यांची सुमारे ११५ नं. म्हणजे उतार साधारण निम्म्यावर येतो, पण थांबत नाही, आणि गेलेला श्वास परत येत नाही. दोन्ही औषधं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. तेव्हा डॉक्टरांनी निन्टेडॅनिब लिहिलं यात गैर काही नाही. कंपनीकडून एक पै न घेणाराही तेच लिहू शकतो.

पाहायचं आहे ते एवढंच की पर्याय तुमच्यासमोर ठेवला का. निन्टेडॅनिबनं निम्म्याहून जास्त लोकांना जुलाब होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा विचार करावा लागतो. पिरफेनिडोननं मळमळ होते, भूक मरते आणि उन्हात कातडी भाजते. यकृताच्या तपासण्या दोन्हींत लागतात. सत्तरीतला, वजन आधीच कमी असलेला, हृदयासाठी गोळ्या घेणारा माणूस समोर असेल तर ही तुलना दोन मिनिटांत का होईना, पण बोलून व्हायला हवी. आणखी एक गोष्ट यादीत दिसत नाही. अमेरिकेत पिरफेनिडोनचं जेनेरिक २०२२ पासून मिळतं, आणि जेनेरिक औषधासाठी ऑफिसात कुणी जेवण घेऊन येत नाही. ज्या औषधाबद्दल सतत ऐकायला मिळतं तेच आधी आठवतं, हा झुकाव पैसे न घेणाऱ्या डॉक्टरातही असतो.

पुढच्या भेटीत सरळ विचारा. आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं, बाबा तर तुम्हांला डोळ्यांनीच गप्प करतील. तरी विचारा, इथे त्याची सवय आहे. साधारण असं: “या औषधावर तुम्ही कंपनीसाठी बोलता असं आम्ही वाचलं. बाबांच्या बाबतीत पिरफेनिडोन का नको, ते सांगाल का?” मी स्वतः असा प्रश्न ऐकला तर थोडा चमकेन, मग उत्तर देईन. चांगला डॉक्टर “हो, बोलतो” असं म्हणून बाबांच्या जुलाबाचा, वजनाचा, यकृताचा हिशोब मांडेल. जो चिडेल, किंवा “हेच सर्वांत उत्तम आहे” एवढंच म्हणून घड्याळ बघेल, त्याच्याबद्दल दुसरं मत घ्या. ते मत घेण्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, माणूस जाणकार आहे की नाही, हा पैशाहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे लोक कमी लक्ष देतात. इथे फुप्फुसांचा डॉक्टर व्हायला मेडिकल कॉलेजनंतर इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षं आणि त्यावर फेलोशिपची दोन-तीन वर्षं लागतात. बहुतेक जण क्रिटिकल केअर जोडून तीन करतात. मग अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची परीक्षा. त्या बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की प्रमाणपत्र चालू आहे की नाही ते फुकट दिसतं. ‘पल्मनरी डिसीज’ असं स्वतंत्र दिसलं पाहिजे. न्यू जर्सी राज्य डॉक्टरांचं प्रोफाइलही लोकांना दाखवतं: परवाना, शिक्षण, राज्याच्या वैद्यकीय बोर्डानं काही कारवाई केली असेल तर ती, आणि गेल्या पाच वर्षांत निष्काळजीपणाच्या दाव्यांत दिलेली भरपाई. एखादी भरपाई दिसली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. जोखमीचं काम करणाऱ्यावर दावे जास्त येतात, आणि विमा कंपन्या पुष्कळदा लढण्यापेक्षा पैसे देऊन मोकळ्या होतात. परवान्यावरची कारवाई मात्र नीट वाचा.

कॉलेजच्या नावाला फार भाव देऊ नका. ग्रँटमधून आला की बीजेमधून की हार्वर्डमधून, हे बाविसाव्या वर्षीचं आहे. फेलोशिप कुठे केली आणि आज आठवड्याला कसले रुग्ण बघतो, हे विचारा. भिंतीवरच्या ‘टॉप डॉक्टर’ पाट्यांकडे तर बघूच नका. २०१९ मध्ये प्रोपब्लिकाच्या मार्शल अॅलन या पत्रकाराला असा पुरस्कार देऊ केला होता. तो डॉक्टरच नव्हता, हे त्यानं सांगितल्यावरही.

आयपीएफच्या बाबतीत जाणकारी ओळखायची माझी एक कसोटी आहे. डॉक्टरांनी बाबांना कबुतरांबद्दल विचारलं का? पुण्यात घरात एअर कूलर होता का, त्याचं पाणी किती दिवसांनी बदलत, भिंतींना ओल होती का, नोकरी कसली होती? २०१७ मध्ये भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. फुप्फुसं जाड करणाऱ्या आजारांत आपल्याकडे सर्वांत जास्त, ४७ टक्के, निघाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, पिसं, बुरशी असं काही वर्षानुवर्षं श्वासात गेल्यानं होणारा आजार. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या घरी कूलर होते. खरा आयपीएफ १४ टक्क्यांच्या आतच. अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरच्या मनात भारतातल्या म्हाताऱ्या माणसाचं फुप्फुस बघून आधी आयपीएफ येणं स्वाभाविक आहे, आणि तिथेच गफलत होऊ शकते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं रण माजलं ते तुम्ही वाचलं असेल. त्या वादातला वैद्यकीय मुद्दा हाच होता.

या दोन आजारांतला फरक फक्त कागदावरचा नाही. हायपरसेन्सिटिव्हिटीत कारण दूर करणं हाच पहिला उपचार, आणि काहींना स्टेरॉइडचा उपयोग होतो. आयपीएफमध्ये स्टेरॉइड, अॅझाथायोप्रिन आणि एन-अॅसिटिलसिस्टीन हे जुनं त्रिकूट देऊन केलेली चाचणी २०११ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. म्हणून निदानाची खात्री आधी. चांगल्या केंद्रात फुप्फुसांचा डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, लागलं तर पॅथॉलॉजिस्ट आणि संधिवाताचा डॉक्टर एकत्र बसून स्कॅन बघतात. “बाबांची केस अशा बैठकीत गेली का?” हा प्रश्न नव्वद हजार डॉलरांच्या प्रश्नाआधी विचारा. पल्मनरी फायब्रोसिस फाउंडेशननं मान्य केलेल्या केंद्रांची यादी आहे, न्यू जर्सीच्या टप्प्यात त्यातलं एखादं मिळेल. अर्थात रुग्णांसाठीच्या संघटनांनाही औषध कंपन्या देणग्या देतात, ते मनात असू द्या.

यादीत काय येत नाही, तेही लक्षात ठेवा. वकिलांकडून साक्षीसाठी मिळणारी फी, गुंतवणूकदारांना दिलेला सल्ला, विमा कंपन्यांचं काम, यांतलं काहीच तिथे नसतं. रेसिडेन्ट डॉक्टर वगळलेले आहेत. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टर नसूनही रुग्ण तपासून औषध लिहिणारे, २०२१ च्या नोंदींपासून आले. बाबांना दर तीन महिन्यांनी त्यांच्यातली एखादी व्यक्ती बघत असेल तर तिचंही नाव टाकून बघा. आणि नाव मिळालं नाही म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखा, असंही नाही. एका मोजणीप्रमाणे २०१३ ते २०२२ या काळात पात्र डॉक्टरांपैकी ५७ टक्क्यांना काही ना काही मिळालं होतं, एकूण १२ अब्ज डॉलरांहून जास्त. उरलेल्यांतले कित्येक जण अशा हॉस्पिटलात आहेत जिथे प्रतिनिधींना दार बंद आहे, एवढंच.

आता पुणे. तिथे असं पानच नाही. कोणत्या कंपनीनं कोणत्या डॉक्टरला काय दिलं, हे नावानिशी दाखवणारी सरकारी यादी भारतात नाही. नियम मात्र आहेत, आणि कागदावर ते अमेरिकेहून कडक आहेत. इथे घ्या पण सांगा, तिथे घेऊच नका. डिसेंबर २००९ पासून वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांत कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख घेण्याला डॉक्टरांना मनाई आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अॅपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की डॉक्टरांना वाटलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये औषध विभागानं कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली. त्याच वर्षाच्या शेवटी तिच्याखाली एक प्रकरण गाजलं: ३० डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेल्याबद्दल अॅबव्ही कंपनीवर ठपका आला, खर्च १ कोटी ९१ लाख रुपये. कंपनीचं नाव देशाला कळलं, तीस डॉक्टरांची नावं रुग्णांना कळली नाहीत. दोन देशांतला फरक मला तरी याहून चांगला सांगता येणार नाही.

तेव्हा पुण्यात पैशाचा माग लागणार नाही, पात्रतेचा लागेल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोंदवलेली पदव्युत्तर पदवी तिथे दिसते. छातीच्या आजारांसाठी एमडी किंवा डीएनबी बघा. नाव टीबी अँड चेस्ट असेल, रेस्पिरेटरी मेडिसिन असेल, पल्मनरी मेडिसिन असेल, ते एकच. जुन्या पिढीत डीटीसीडी ही पदविका असते, त्यातलेही काही फार उत्तम डॉक्टर मला माहीत आहेत. डीएम असेल तर तो त्यावरचा तीन वर्षांचा अभ्यास. पाटीवरचं एफसीसीपी हे एका अमेरिकन संघटनेचं मानाचं सदस्यत्व आहे, परीक्षा देऊन मिळवलेली पदवी नाही.

बाबा निघतील तेव्हा एचआरसीटीचा नुसता रिपोर्ट देऊ नका, मूळ स्कॅनची सीडी द्या. पुण्यातल्या डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी ती चित्रं बघायची असतील. सोबत पहिल्यापासूनचे सगळे पीएफटीचे, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीचे, कागद, ऑक्सिजन लावून आणि न लावता सहा मिनिटं चालल्याची नोंद, यकृताच्या तपासण्या, आणि गोळी कधी सुरू केली, कोणत्या डोसवर जुलाब झाले, कधी कमी केली याचं एक पान. पिरफेनिडोन भारतात २०१० पासून मिळतं आणि इथल्या मानानं फारच स्वस्त पडतं, म्हणून तिकडे गेल्यावर औषध बदलायचा विषय निघण्याची शक्यता आहे. इथल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा: बदललं तर चालेल का, आणि बदलताना मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे.